पॉलिसीवरचं नाव

क्रिस्टाचं पहिलं कम्युनियन झालं ते वर्ष २०१७. मे महिन्यातला रविवार होता. तिचा बाप रॉय पहिल्या बाकाशेजारी व्हीलचेअरमध्ये बसला होता आणि फादरांनी पोरीच्या तळहातावर भाकर ठेवली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. मिस्सेत त्या वेळी कोणी टाळ्या वाजवत नाही. रॉयला हे लहानपणापासून माहीत होतं, पण गेल्या सप्टेंबरपासून माहीत असलेल्या गोष्टी त्याच्या वेळेवर हाताशी येत नव्हत्या. दोन-चार माना वळल्या आणि सभ्यपणे परत फिरल्या. ती सभ्यता पाहून त्याच्या बापाच्या, युजीनच्या, कानशिलात रक्त चढलं. त्यानेही टाळ्या वाजवल्या, चांगल्या सहा-सात, शेवटच्या दोन-तीन तर रॉय थांबल्यावरही. सून व्हिव्हियन खालच्या आवाजात म्हणाली, "डॅडी, प्लीज." तो थांबला. त्र्याहत्तराव्या वर्षी देवळात भांडण काढायची त्याची तयारी होती, फक्त समोर कोणीतरी उभं राहायला हवं होतं. कोणीच राहिलं नाही. मिस्सा संपल्यावर सगळ्यांनी येऊन रॉयचा खांदा दाबला आणि केक खाल्ला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गाडीच्या इन्शुरन्स कंपनीचं ते पाकीट आलं. व्हिव्हियन कामावर गेली होती, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उठवायला आणि न्हाऊ घालायला. रॉय लिव्हिंग रूममध्ये झोपला होता. सोफा बेसमेंटमध्ये गेला होता आणि त्याच्या जागी हॉस्पिटलसारखा, कळ दाबली की डोकं वर करणारा पलंग आला होता. क्रिस्टा स्वयंपाकघरात सीरियल खात होती. युजीनने चष्मा लावला, सुरीने पाकीट कापलं आणि वरचा रंगीत कागद टेबलावर सपाट केला. इंग्रजीही तो बोट ठेवूनच वाचायचा. अक्षर उशिरा आलेल्या माणसाला बोट लागतं, आणि युजीनने त्याची लाज कधीच सोडली होती. कागदावर एक कुटुंब गवतावर बसून हसत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की मिस्टर युजीन तुस्कानो, आमच्याबरोबर राहिल्याबद्दल आभार. आणि मग एक ओळ. तिच्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट अडलं. प्रो. टेक. टेड. त्याने तो शब्द पुन्हा वाचला. सुरक्षित. तुम्ही सुरक्षित आहात. पलीकडच्या खोलीत रॉयचा श्वास घशात घरघरत होता, एका लयीत, आणि इकडे हा कागद त्याच्या बापाला सांगत होता की तू सुरक्षित आहेस. युजीनला वाटलं कोणीतरी दारात येऊन आपल्याला हसून गेलं.

"ग्रँडपा, दॅट्स जस्ट ॲन ॲड," क्रिस्टा चमचा तोंडात ठेवून म्हणाली. "यू कॅन रिसायकल इट."

"वर नाव कुणाचं आहे बघ."

"युअर्स."

"आणि कुणाचं?"

तिने दुसरा कागद ओढला, आठ वर्षांच्या पोरीच्या कंटाळ्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "डॅड इज हिअर. अंडर ड्रायव्हर्स. बट द इन्शुअर्ड पर्सन इज जस्ट यू." आणि मग त्याचं तोंड पाहून, "आर यू मॅड ॲट मी?"

"तुझ्यावर नाही गं," तो म्हणाला. मग कुणावर, हे तिने विचारलं नाही ते बरं झालं. यादी मोठी होती आणि तिच्या तळाशी तो स्वतः होता.

नावाची ही ओळ त्याला पहिल्यांदा दाखवली ती ॲलनने, आदल्या नोव्हेंबरात. ॲलन इन्शुरन्स ब्रोकर. वसईतल्या शेजारच्या गावचा, इथे कॅनडात, मार्कहॅममध्ये, त्याच चर्चला येणारा, आपल्या सगळ्या माणसांच्या गाड्यांचे आणि घरांचे कागद करणारा. तो आला तेव्हा रॉय अजून हॉस्पिटलात होता, कंबरेचं हाड तीन ठिकाणी जोडलेलं, डोक्याला मार, डावा पाय कोणाचाच नसल्यासारखा पडलेला. ॲलनने जॅकेट काढलं नाही. चहाला नाही म्हणाला, तेव्हाच युजीनने ओळखायला हवं होतं.

"अंकल, ज्याने ठोकलं त्याच्या गाडीला इन्शुरन्सच नाहीये. जुलैत कॅन्सल झालेलं. पेमेंट चुकवलेलं त्याने."

"मग तो जेलात जाईल."

"फाइन होईल. त्याच्याकडे काय आहे, भाड्याची रूम आणि ती फुटकी गाडी. त्याच्यावर केस करून पण काय मिळणार?" ॲलनने फाइल उघडली. "अशा वेळी आपण आपल्या पॉलिसीकडे यायचं. लोकांना माहीतच नसतं. सायकलवर होता ना, मग गाडीच्या इन्शुरन्सचा काय संबंध, असं म्हणतात. संबंध आहे. हे अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर माणसाच्या मागे चालतं, गाडीच्या नाही. तुम्ही चालत असा, सायकलवर असा, तरी लागू. वर मी फॅमिली प्रोटेक्शन पण टाकलेलं, दहा लाख डॉलरपर्यंत."

"मग झालं तर."

ॲलन फाइलकडे बघत राहिला. "तुम्हाला ठोकलं असतं तर झालं असतं, अंकल."

युजीनला समजलं नाही. ॲलनने बोट ठेवलं. ज्याच्या नावावर पॉलिसी तो, त्याची बायको, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल. ते मूल एकतर लहान पाहिजे, नाहीतर शिकणारं, नाहीतर अधू. रॉय चाळीस वर्षांचा कमावता माणूस. ड्रायव्हर म्हणून लिहिलेला आहे म्हणून उपचारांसाठी जी सुरुवातीची रक्कम असते ती त्याला मिळेल, पण ती लवकर संपते. मोठं कव्हर त्याला नाही. सरकारचा एक निधी असतो, तिथे अर्ज करता येईल, पण त्याला मर्यादा असते आणि वर्षं लागतात.

"पण गाडी त्याचीच आहे," युजीन म्हणाला. "हप्ते तो भरतो. गॅस तो भरतो. विंटर टायर्स त्याने बसवले."

"नाव तुमचं आहे. मी विचारलेलं अंकल, याच टेबलावर. नाव कुणाचं टाकू? तुम्ही म्हणालात, घरात मोठा कोण आहे?"

म्हणाला होता. शब्द अन् शब्द तसाच. २०१२ साली रॉयने आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली आणि शोरूममधल्या गोऱ्या पोराने फॉर्म पुढे केला तेव्हा रॉयने पेन उचललं होतं. युजीन नुसता खाकरला. तेवढंच. रॉयने पेन त्याच्याकडे सरकवलं आणि त्या पोराला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ज्यात 'माय फादर' दोनदा होतं. वसईला वाडीच्या सात-बाऱ्यावर युजीनच्या आजोबांचं नाव ते वारल्यानंतरही अकरा वर्षं होतं आणि त्याच्या बापाने ते बदलायची घाई केली नव्हती. केळी बापाने लावली, पाणी युजीनने पाजलं, नाव मेलेल्या माणसाचं, आणि ते सगळ्यांना योग्य वाटत होतं. टेम्पो त्याने स्वतःच्या कमाईतून घेतला तोही बापाच्या नावावर. नाव वरच्याचं, कष्ट खालच्याचे. या रीतीत प्रेम होतं, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. आणि त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी त्याने ॲलनला सांगितली नाही. अडतिसाव्या वर्षापर्यंत युजीन अंगठा लावत होता. बँकेतला कारकून त्याचं मनगट धरून, जनावराचा खूर दाबावा तसा तो अंगठा शाईच्या गादीवर दाबायचा आणि मग पुसायला चिंधीसुद्धा द्यायचा नाही. रॉय पहिलीत गेला त्या पावसाळ्यात, वाडीचं काम नसलेल्या दुपारी, सहा वर्षांच्या त्या पोराने बापाला आपल्या पाटीवर अक्षरं शिकवली. आई लिली ओट्यापाशी हसायची. पोरगा हसायचा नाही. चुकलं की पाटी ओढून घ्यायचा, थुंकीने पुसायचा, म्हणायचा, "पप्पा, परत." तेव्हापासून जिथे सही मागतील तिथे सही करायला युजीनला फार आवडत असे. कुरिअरवाल्याचा कागदसुद्धा तो पाचही बोटं नीट धरून सावकाश सही करायचा. गाडीच्या कागदांवर त्याने नऊ सह्या केल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी त्याला ताप आल्यासारखं सुख झालं होतं. त्या सुखाची आता त्याला शिसारी येत होती.

आणि तो मंगळवार. मंगळवारी चर्चमध्ये म्हाताऱ्यांचा मेळा असायचा, पत्ते आणि कॉफी. गाडी घेऊन जायला युजीनला आवडायचं, कारण पार्किंगमध्ये बाकीचे म्हातारे आपापल्या सुनांची वाट पाहत उभे असायचे आणि तो खिशातून किल्ली काढायचा. "पप्पा, गाडी तुम्ही घ्या, मी सायकलने जातो," रॉय म्हणाला. "चार किलोमीटर तर आहे. पोट पण कमी होईल." छापखान्यात त्याची सकाळची पाळी असे. हेल्मेट होतं, अंगात पिवळं जॅकेट होतं, मागे लाल दिवा होता; पोलिसांनी हे सगळं लिहून घेतलं आणि कौतुकानेच लिहिलं. प्लाझातून बाहेर पडणाऱ्या गाडीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं नाही. युजीनच्या हातात तेव्हा इस्पिकची राणी होती. हे पान त्याला का लक्षात राहावं? पण राहिलं. व्हिव्हियनचा फोन आला तेव्हा त्याने ते पान टेबलावर उलटं ठेवलं, कोणी बघू नये म्हणून, म्हणजे परत येऊन डाव पुढे खेळायचा त्याचा विचार होता.

ठोकणारा माणूस त्याने एकदाच पाहिला, वाहतूक कोर्टात. त्याला वाटलं होतं कोणी माजलेला असेल, गळ्यात साखळी, डोळ्यांत मस्ती. तो तयारीनेच गेला होता. चार इंग्रजी शिव्या क्रिस्टाच्या नकळत टीव्हीवरून उचलल्या होत्या. प्रत्यक्षात निघाला एक वाळका, तिशीतला माणूस, बाह्या आखूड झालेला कोट घातलेला, आणि तो युजीनला पाहून रडायलाच लागला. "आय ॲम सो सॉरी, सर." सर! युजीनचा हात उचललेलाच राहिला. एवढा मोठा राग, आणि तो ठेवायला एक धड माणूस मिळू नये. सगळेच सॉरी. पोलीस सॉरी, कंपनीची फोनवरची बाई सॉरी, डॉक्टर सॉरी. उपचारांचे पैसे संपत आले तेव्हा जखम 'कॅटॅस्ट्रॉफिक', म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातली, आहे की नाही यावर कंपनीचे डॉक्टर आणि आपले डॉक्टर यांच्यात पत्रं सुरू झाली. ते ठरलं असतं तर आणखी पैसे सुटले असते. एक डॉक्टर घरी येऊन रॉयला म्हणाला, शंभरातून सात सात वजा करत जा. रॉय शहाऐंशीला अडकला नि हसला. "हा माणूस पूर्वी छापखान्यात कागदाचा हिशेब तोंडी करायचा," युजीन म्हणाला. डॉक्टरने ते लिहून घेतलं नाही. जाताना तोही सॉरी म्हणाला.

त्या उन्हाळ्यात युजीनला एक खोड लागली. दिवसभर तो ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्यांकडे बघायचा. शेजारचा जयदीप पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, शनिवारी अंगाला चिकटणारे काळे कपडे घालून साठ-साठ किलोमीटर सायकल मारणारा. एक दिवस युजीन उठून त्याच्या पुढच्या चाकासमोर उभा राहिला.

"पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?"

"काका, आत्ता ब्रेक लागला नसता तर?"

"तर कुणाची पॉलिसी उभी राहिली असती, तेच विचारतोय."

जयदीप हसला, मग रॉयच्या खिडकीकडे बघून त्याने हसू आवरलं. "शुभदा बघते हो ते सगळं. मी फक्त सायकल बघतो. ही कार्बन फायबरची आहे, काका, एका बोटावर उचलता येते."

"एका बोटावर? आणि तू पडलास तर तुला किती जणांनी उचलायचं? आत जा. कागद आण."

"आत्ता?"

"आत्ता."

आणि तो कागद घेऊन खरंच आला, बायकोला बरोबर घेऊन. शुभदाने येता येताच सांगितलं की काका, आमचं सगळं जॉइंट आहे. पण युजीनला ऐकलेलं पुरेसं नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून त्याने बोट ठेवलं आणि इंजिनिअर असलेल्या त्या दोघांना एक एक ओळ वाचून दाखवली. ही ओळ बघ, तुझं नाव. ही तिचं. ही अनइन्शुअर्डची, ती सगळ्यांना असतेच. आता ही खालची, फॅमिली प्रोटेक्शनची. आहे का? जयदीपने पानं उलटली, परत उलटली. ती ओळ नव्हती. "मागच्या वर्षी प्रीमियम कमी करायला काहीतरी काढलं होतं मी," शुभदा हळू म्हणाली. "सायकलवाल्याला ती पहिली लागते, बाई," युजीन म्हणाला. "जेवणाच्या एका बिलात येते. फोन कर." ती फोन करायला गेली. जयदीप म्हणाला, "थँक्स, काका." युजीनला त्या आभारांनी जराही गार वाटलं नाही. त्याला वाटलं, या नालायकाला मी वाचवला आणि माझा आत पडलाय. मग नालायक म्हटल्याचं वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला.

ऑक्टोबरात फिजिओ बंद झाली. आठवड्यातून तीनदा येणारी मुलगी शेवटच्या दिवशी व्यायामाच्या चित्रांचा कागद फ्रिजवर लावून गेली, कारण आता पैसे देणारं कोणी नव्हतं. तोपर्यंत रॉय वॉकरला धरून बारा पावलं टाकत होता. ही बारा महत्त्वाची होती. ती मुलगी म्हणाली होती की आणखी सहा महिने असंच चाललं तर तो बाथरूमपर्यंत स्वतः जाईल. बाथरूम एकोणीस पावलांवर होतं. युजीनने मोजलं होतं. त्या सात पावलांसाठी काय करावं लागेल, हे सांगायला ॲलन पुन्हा आला, आणि या वेळी त्याने जॅकेट काढलं, चहाही घेतला.

"एक रस्ता आहे," तो म्हणाला. "पण तो मी सांगितला असं कुठे म्हणू नका. तुमच्या वकिलालासुद्धा."

"बोल."

"कंपनी तुमचं स्टेटमेंट घेणार आहे, शपथेवर. रॉयची पाठ दुखायची ना? ॲक्सिडेंटच्या आदल्या हिवाळ्यात दोन महिने घरी होता?"

"बर्फ शोव्हल करताना कळ आलेली. बरा झाला."

"बरा झाला असं कशाला म्हणता? पाठीने अधू होता म्हणा. कामाला जायचा तो नावापुरता. घर तुमच्या वसईच्या वाडीच्या पैशावर चालायचं. तुमच्यावर अवलंबून असलेला अधू मुलगा. मग तो पॉलिसीत बसतो."

युजीन व्हिव्हियनकडे बघायला लागला. त्याला वाटलं ती उठेल, कप उचलेल, ॲलनला दार दाखवेल. तिच्या हाताला अजून नर्सिंग होमच्या साबणाचा वास होता. ती म्हणाली, "डॅडी, तुम्ही म्हणाल ना तसं?"

"माझ्या पोराला मी अधू म्हणू? चांगला धडधाकट होता तेव्हाचा?"

"तो आता काय आहे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दिवसभर मी परक्यांना उचलते. संध्याकाळी त्याला उचलते. तुमचं नाव कागदावर पाहिजे होतं, ते लावलंत. आता त्याच नावाचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

त्याच्या तोंडावर मारल्यासारखं झालं, आणि मार बरोबर जागी बसला. पुढचे तीन आठवडे तो खोटं पाठ करत होता. सकाळी दाढी करताना आरशात म्हणायचा: अधू होता, माझ्यावर होता. पहिल्यांदा जीभ अडखळायची. मग सवय झाली. रॉयजवळ बसून त्याचा पाय वर-खाली करताना मनात म्हणायचा. आणि त्याच्या ध्यानात यायचं की खोटं पाठ होत चाललं तसं खरं पुसट व्हायला लागलंय. पाठीवर क्रिस्टाला घेऊन जिना चढणारा रॉय, ग्रोसरीच्या सगळ्या पिशव्या एका खेपेत आणणारा रॉय, त्याला हवा तेव्हा दिसेना. दुसऱ्या कोणी त्याच्या पोराची अशी चोरी केली असती तर त्याने त्याचा गळा धरला असता.

नोव्हेंबरात टोरांटोला एका उंच इमारतीत ते स्टेटमेंट झालं. खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग, टाइप करणारी एक बाई. एका बाजूला आपला वकील आणि व्हिव्हियन, समोर कंपनीची वकील, पिकल्या केसांची, मऊ आवाजाची. दुभाषी म्हणून विजयालक्ष्मी नावाची एक बाई आली होती, सोलापूरची, तिचं मराठी वर्तमानपत्रासारखं. बायबलवर हात ठेवून युजीनने शपथ घेतली. प्रश्न आले. त्याने उत्तरं दिली, एकही न अडखळता. होय, पाठीने अधू होता. होय, काम जमत नसे. होय, घर मी चालवायचो. तो माझ्यावर अवलंबून होता. विजयालक्ष्मीने ते इंग्रजीत सांगितलं आणि टाइपवाल्या बाईची बोटं चालली. व्हिव्हियनने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, जमलं.

मग समोरच्या बाईने एक जुना कागद सरकवला. "मिस्टर तुस्कानो, तुम्ही कॅनडात २००९ साली आलात. तुमच्या मुलाने तुम्हाला स्पॉन्सर केलं. हा कागद त्याने सरकारला लिहून दिला होता. दुभाषी तुम्हाला तो वाचून दाखवतील."

"मला वाचता येतं," युजीन म्हणाला. त्याने बोट ठेवलं. कागदावर लिहिलं होतं की मी, रॉय युजीन तुस्कानो, माझ्या वडिलांचा दहा वर्षं सांभाळ करण्याचं वचन देतो. अन्न. वस्त्र. घर. इंधन. बोट पुढे सरकलं. डोळ्यांचे उपचार. दातांचे उपचार. ते सरकारला काही मागणार नाहीत, जे लागेल ते मी देईन. खाली रॉयची सही होती, घाईची, कामावरून येऊन केल्यासारखी. लिली गेली त्या वर्षीची तारीख. युजीन एकटा वसईच्या घरात बसून भिंतीशी बोलायला लागला होता, तेव्हा या पोराने इथे बसून हे लिहून दिलं होतं, आणि त्याला कधी सांगितलंसुद्धा नव्हतं. फोनवर फक्त म्हणाला होता, पप्पा, या, इथे सफरचंदं छान मिळतात.

"तर कोण कुणावर अवलंबून होतं?" बाईने विचारलं. विजयालक्ष्मीने तोंड उघडलं, पण युजीनने हात वर केला.

"लिहा," तो मराठीत टाइपवाल्या बाईकडे बघून म्हणाला. "मी त्याच्यावर होतो. माझे हे दात त्याचे आहेत. हा चष्मा त्याचा. आता तुम्ही मला सांगा. आयतं खाणारा म्हातारा मी. रस्त्यावर मेलो असतो तर या घराचं काय अडलं असतं? आणि माझ्यासाठी तुमच्याकडे दहा लाखांची ओळ आहे. जो सगळं घर पोसत होता त्याच्यासाठी नाही. कुणाच्या डोक्यातून आलं हे? तुमच्या? की माझ्या?" आवाज इतका चढला की बाहेरून कोणीतरी काचेतून डोकावलं. विजयालक्ष्मी हे सगळं इंग्रजीत सांगत होती, सांगता सांगता तिचा आवाज फाटला, पण तिने एकही वाक्य गाळलं नाही. समोरच्या बाईने पेन खाली ठेवलं. ती सॉरी म्हणाली नाही. त्या वर्षभरात तेवढी एकच.

परतीच्या गाडीत, हायवे संपला तेव्हा, व्हिव्हियन त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "एक खोटं, डॅडी. एक खोटं धड शेवटपर्यंत नेता आलं नाही तुम्हाला." ती रडत नव्हती. त्याने रस्त्याकडे बघत गाडी चालवली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तो कागद मला पण माहीत नव्हता."

घरी रॉय जागा होता. "कुठे गेलेलात, पप्पा?"

"टोरांटोला. तुझी चहाडी करायला."

रॉयला शब्द उशिरा पोचायचे. पोचल्यावर तो हसला, जुनं हसणं, एका बाजूने. "केली?"

"केली. पकडला गेलो."

"तुम्हाला... नीट येत नाही," रॉय म्हणाला आणि दमून डोळे मिटले.

कंपनीचं पत्र डिसेंबरात आलं. 'अनफॉर्च्युनेटली'ने सुरू झालं आणि दीड पानांत संपलं. सरकारी निधीच्या अर्जाला पोचपावती आली. डॉक्टरांचं भांडण चालूच होतं. फ्रिजवरच्या चित्रांप्रमाणे युजीन दिवसातून तीनदा रॉयचे पाय हलवायचा. क्रिस्टा शाळेतून आली की पलंगाच्या कडेला बसून इंग्रजीत आकडे मोजायची आणि तो चुकला की "नो, ग्रँडपा, हायर" म्हणायची. पण त्र्याहत्तर वर्षांच्या हातांना त्या मुलीच्या हातांची जाण नव्हती, आणि धरून उभं करायला दुसरं माणूस नसायचं. जानेवारीत बारा पावलांची पाच झाली. व्हिव्हियनने मोजणं सोडलं. फेब्रुवारीत रॉय पलंगावरून उतरेना. डावी पोटरी सुजली तेव्हा युजीनला वाटलं मांस धरतंय, बरं लक्षण आहे, आणि त्याने ते व्हिव्हियनला आनंदाने सांगितलं. तिने चादर बाजूला करून बघितलं आणि कामाचा कोट न काढता फोन उचलला. ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती.

रॉय युजीन तुस्कानो मार्कहॅममध्ये वारला, रविवारी, ४ मार्च २०१८ रोजी, सकाळी पावणेअकरा वाजता. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. निधीचा निकाल त्यानंतर सात महिन्यांनी आला.